घोट्याचा ब्लॉक की गुडघ्यामागचा? पायाच्या ऑपरेशनला सुई कुठं द्यायची ते कसं ठरवायचं

आषाढी झाली की पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या भागात पायाचे पेशंट वाढतात. वारीत अनवाणी चाललेले, जुनी शुगर असलेले, तापलेल्या डांबरावर तळव्याला फोड कधी आला आणि कधी फुटला ते कळलंच नाही असे. अंगठा काळा पडलेला असतो, पू वर सरकत असतो, आणि फाईल उघडली की हार्टचं पंपिंग ३० टक्के, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) चालू, क्रिएटिनिन वाढलेलं. अशा माणसाला पूर्ण भूल द्यायची म्हणजे धाकधूक, आणि मणक्यात द्यायचं तर क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस बंद पाहिजे, तोवर पू थांबतोय थोडाच. अशा वेळी फक्त पाय बधिर करणारा नर्व्ह ब्लॉक माणसाला सुखरूप बाहेर काढतो, आणि नीट लागलेल्या ब्लॉकवर आजोबा सर्जनशी पिकाच्या गप्पा मारत पडलेत हे बघण्यासारखं समाधान आमच्या कामात दुसरं नाही.

हे लिहितोय ते एमडी, डीएनबी किंवा डीए करून नुकतीच तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस सुरू केलेल्या भूलतज्ज्ञांसाठी, आणि रेसिडेंट मुलामुलींसाठी. पहिले काही ब्लॉक सीनियरच्या हाताखालीच द्या, नुसतं वाचून एकट्यानं सुई घालू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घोट्याखाली ५ नर्व्ह जातात. टिबियल, डीप पेरोनियल, सुपरफिशियल पेरोनियल, सुरल आणि सॅफेनस. यातल्या पहिल्या चार सायॅटिकच्या आहेत, सॅफेनस एकटी फीमोरलची. म्हणजे गुडघ्याच्या मागं लवणीत सायॅटिक पकडली तर एका सुईत चार नर्व्ह झाल्या, पण आतल्या बाजूचा घोटा जागाच राहतो, त्याला वेगळी सुई लागते. हे विसरल्यामुळं पुढं सर्जन आतल्या घोट्यावर चीर देतो आणि पेशंट ओरडतो, मग सगळे म्हणतात ब्लॉक फेल गेला. ब्लॉक फेल गेलेला नसतो, अर्धाच दिलेला असतो.

आता कुठला ब्लॉक द्यायचा हे ठरवायचं कसं? बहुतेक जण ज्याची सवय आहे तो देतात. तसं करू नका. मी सर्जनला सगळ्यात आधी विचारतो की टुर्निकेट (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा) कुठं बांधणार. चीर कुठं देणार हे नंतर. कारण मला हा धडा फार महागात मिळालाय. सुरुवातीच्या वर्षात एका ठिकाणी टाचेच्या हाडाच्या ऑपरेशनला मी लवणीतला ब्लॉक दिला, सॅफेनसही दिली, पाय छान बधिर, मी निवांत, आणि सर्जननं टुर्निकेट मांडीला बांधलं. पंचवीस मिनिटांत पेशंट तळमळायला लागला. पाय दुखत नव्हता, मांडी दुखत होती, आणि मांडीसाठी मी काहीच दिलेलं नव्हतं. शेवटी पूर्ण भूल द्यावी लागली. चूक माझी, मी विचारलं नव्हतं.

तर हिशोब असा. टुर्निकेट मांडीला असेल आणि ऑपरेशन लांबणार असेल तर ऑपरेशनसाठी स्पायनलच (मणक्यातली भूल) बरं, ब्लॉक नंतरच्या दुखण्यासाठी द्या. एकाच पायाचा आतला आणि बाहेरचा असे दोन्ही घोटे मोडलेले, प्लेट टाकायची आहे, तिथं मी हेच करतो. टुर्निकेट पोटरीला असेल तर लवणीतला ब्लॉक आणि सॅफेनस यावर काम होतं. आणि घोट्याच्या जरा वर रबरी पट्टी आवळून भागणार असेल किंवा टुर्निकेट नकोच असेल (शुगरच्या पायात रक्तपुरवठा आधीच कमी, त्यामुळं बरेच सर्जन बांधतच नाहीत), तर घोट्याचा ब्लॉक पुरतो. बोटं काढणं, पायाचा पुढचा भाग काढणं, अंगठ्याचं वाकडं हाड सरळ करणं, सगळं यावर होतं. एकाच बोटाचं काम असेल तर त्या बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना थोडं लोकल (तेवढीच जागा बधिर करणारं औषध) दिलं की झालं, एवढ्यासाठी पाचही नर्व्हच्या मागं लागू नका. फक्त त्यात ॲड्रेनॅलिन नको, बोटाचा रक्तपुरवठा आधीच तोळामासा असतो.

दुसरं बघायचं ते पू आणि लाली कुठवर चढलीय. बोट लावून बघा, पाय गरम कुठून लागतो ते. लाल, सुजलेल्या कातडीतून सुई घालायची नाही, एक तर इन्फेक्शन आत ढकललं जातं आणि दुसरं म्हणजे पू असलेल्या जागी ॲसिड वाढलेलं असतं, तिथं लोकल धड कामच करत नाही. सूज घोट्यापर्यंत आली असेल तर सरळ लवणीत जा.

तिसरं, पेशंटला कधी उभं राहायचंय. लवणीतल्या ब्लॉकनं पाऊल लुळं पडतं, वर उचलता येत नाही, आणि ते १२ ते २४ तास राहू शकतं. घोट्याच्या ब्लॉकमध्ये फक्त पावलातले बारीक स्नायू जातात, घोटा वरखाली हलतो, त्यामुळं आधार घेऊन माणूस लवकर उठतो. घरी एकटी राहणारी म्हातारी असेल तर याला फार किंमत आहे.

घोट्याच्या ब्लॉकला लोक कमी समजतात, पण माझं मत सांगतो, शुगरच्या पायाला यासारखा सुरक्षित ब्लॉक नाही, आणि तो जमला की नाही हे सगळं टिबियल नर्व्हवर ठरतं. बाकीच्या चार जरा हुकल्या तर सर्जन वरून थोडं लोकल मारून निभावून नेतो, टिबियल हुकली तर अख्खा तळवा जागा. म्हणून सुरुवात तिथून करा, ती खोल आणि जाड आहे, लागायला वेळही तीच घेते.

पेशंटला उताणं झोपवा, पोटरीखाली उशी घ्या म्हणजे टाच अधांतरी राहील, पाय बाहेरच्या बाजूला पडू द्या. आतल्या घोट्याच्या मागं बोटांनी आर्टरी शोधा. समोरून मागं गेलात की क्रम असा लागतो: टिबियालिस पोस्टीरियरचा टेंडन, मग बोटं वाकवणारा टेंडन, मग आर्टरी आणि तिच्या व्हेन, मग नर्व्ह, मग अंगठा वाकवणारा टेंडन. म्हणजे नर्व्ह आर्टरीच्या जरा मागं, अकिलीसच्या बाजूला. २४ किंवा २५ नंबरची सुई नाडीच्या मागून हाडाच्या दिशेनं घाला, हाड लागलं की २-३ मिलीमीटर मागं घ्या, रक्त येतंय का ओढून बघा, मग ५ ते ८ मिली हळूहळू. आत ढकलताना तळव्यात करंट गेल्यासारखं झालं तर थांबा, सुई मागं घ्या, मग द्या. टाचेवर काम असेल तर घोट्याच्या पातळीवर देऊन चालत नाही, कारण टाचेची फांदी अनेकांत घोट्याच्या वरच फुटते, चार-पाच सेंटिमीटर वर जाऊन द्या. नाडी लागत नसेल, आणि शुगरच्या पायात ती बऱ्याचदा लागत नाही, तर घोट्याचं टोक आणि अकिलीस यांच्या साधारण मधली जागा धरा, आणि सोनोग्राफी असेल तर हाच ती वापरायचा क्षण.

बाकीच्या पटकन. डीप पेरोनियलसाठी पेशंटला अंगठा वर करायला सांगा, घोट्यासमोर जो टेंडन उठतो त्याच्या बाहेरच्या बाजूला आर्टरी, आर्टरीच्या बाहेर नर्व्ह, हाडापर्यंत जाऊन किंचित मागं, २ ते ३ मिली. तिथूनच सुई कातडीखालून बाहेरच्या घोट्याकडं फिरवत ५ मिली सोडा, ही सुपरफिशियल पेरोनियल झाली. तशीच आतल्या घोट्याकडं, मोठ्या सॅफेनस व्हेनच्या आजूबाजूला ३ ते ५ मिली, व्हेनमध्ये नाही ना ते बघून, ही सॅफेनस. बाहेरचा घोटा आणि अकिलीस यांच्या मधल्या खळग्यात कातडीखाली ५ मिली, ही सुरल. ५ नर्व्ह, पण सुया तीनच. या टोचण्या दुखतात बरं का, एक मिलीग्रॅम मिडाझोलाम आधी द्या आणि पेशंटशी बोलत राहा.

आता लवणीतला ब्लॉक. यात तीन रस्ते आहेत आणि तिन्ही मी वापरतो, कारण सगळीकडं सगळं मिळत नाही.

पहिला रस्ता खुणांवरचा, सोबत नर्व्ह स्टिम्युलेटर, म्हणजे सुईतून बारीक करंट देऊन नर्व्ह शोधायचं यंत्र. पेशंट पालथा, त्याला गुडघा वाकवायला सांगा म्हणजे दोन्ही बाजूंचे टेंडन उठून दिसतात, बाहेर बायसेप्स फीमोरिस, आत सेमीटेंडिनोसस. लवणीच्या घडीपासून ७ सेंटिमीटर वर, दोन टेंडनच्या मधोमध, किंचित बाहेरच्या अंगाला खूण करा. ५० मिलीमीटरची इन्सुलेटेड सुई, निगेटिव्ह वायर सुईला आणि पॉझिटिव्ह पेशंटच्या अंगावरच्या ईसीजी स्टिकरला. १.५ मिलीॲम्पियरवर सुरू करा, पाऊल हललं की करंट कमी करत ०.३ ते ०.५ पर्यंत या. ०.२ च्या खालीही पाऊल उडतंय तर सुई नर्व्हच्या आत असू शकते, मागं घ्या. पाऊल कसं हलतं तेही बघा. तळव्याकडं वाकलं तर टिबियल, बाहेर वळलं किंवा वर आलं तर कॉमन पेरोनियल, आणि आत वळलं म्हणजे इन्व्हर्जन मिळालं तर सगळ्यात छान, दोन्ही भाग धरले जाण्याची शक्यता तिथंच जास्त. इथं एक अडचण, जुन्या शुगरवाल्यांच्या नर्व्ह कमी करंटला ऐकत नाहीत. ०.५ ला काहीच हलत नाही म्हणून सुई आत-आत ढकलत राहिलात तर नर्व्हला इजा कराल. अशा पेशंटमध्ये फक्त आकड्यावर विसंबू नका.

फ्रॅक्चरच्या पेशंटला पालथं करता येत नाही, तिथं बाजूनं जायचं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, व्हास्टस लॅटरलिस आणि बायसेप्सच्या मधल्या खाचेत, गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून ७-८ सेंटिमीटर वर. १०० मिलीमीटरची सुई आडवी घालून हाडाला टेकवा, मग मागं घेऊन साधारण ३० अंश मागच्या बाजूला वळवून परत घाला.

दुसरा रस्ता सोनोग्राफीचा आणि तो मिळत असेल तर मी दुसरं काही वापरत नाही. लिनियर प्रोब लवणीच्या घडीवर आडवा ठेवा, आधी धडधडणारी आर्टरी शोधा, तिच्यावर व्हेन, आणि त्याच्यावर, जरा बाहेरच्या बाजूला, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा पांढरट गोल म्हणजे टिबियल. दिसत नसेल तर प्रोबचं तोंड पायाकडं थोडं झुकवा, एकदम उजळते. मग पेशंटला पाऊल वरखाली करायला सांगा, दोन नर्व्ह एकमेकींवरून झोपाळ्यासारख्या हलताना दिसतात, ते एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाही. आता प्रोब हळूहळू वर सरकवा, बाहेरून कॉमन पेरोनियल येऊन टिबियलला मिळते, बहुतेकांत घडीपासून ५ ते १० सेंटिमीटर वर. जिथं त्या दोघी शेजारी आहेत पण अजून वेगळ्या दिसतात, तिथं दोघींवर मिळून एक पातळ आवरण असतं, त्याच्या आत आणि दोन नर्व्हच्या मध्ये औषध सोडायचं. नर्व्ह फुगली तर चुकलात, दोन्ही नर्व्ह औषधात तरंगत एकमेकींपासून लांब गेल्या तर जमलं. २० मिली पुरतं, लवकरही लागतं.

अडचण ही की सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्याखाली नोंदवलेलं लागतं आणि ते बॅगेत घालून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात नेता येत नाही. आपल्यासारख्या चार नर्सिंग होम फिरणाऱ्याला म्हणूनच सांगतो, स्टिम्युलेटर हातात बसवून ठेवा, आणि जिथं मशीन आहे तिथं भूल देणारा म्हणून आपलं नाव नोंदणीत घालून घ्यायचा आग्रह धरा.

सॅफेनससाठी सोनोग्राफी असेल तर मांडीच्या मध्यावर, सार्टोरियस स्नायूखाली, फीमोरल आर्टरीच्या शेजारी ८ ते १० मिली. नसेल तर गुडघ्याखाली टिबियाच्या उंचवट्यापासून पोटरीच्या आतल्या बाजूपर्यंत कातडीखाली पट्टा मारा. हा पट्टा कधीकधी हुकतो, म्हणून आतल्या घोट्यावर चीर असेल तर मी खाली घोट्यापाशी परत थोडं देतो.

औषधाचा हिशोब मात्र प्रत्येक वेळी कागदावर करा, डोक्यात नको. बुपिवाकेन, म्हणजे ब्लॉकसाठीचं नेहमीचं लोकल, मी किलोला २ मिलीग्रॅमच्या वर जात नाही. ६० किलोचा माणूस, म्हणजे १२० मिलीग्रॅम. ०.५ टक्क्याच्या एका मिलीत ५ मिलीग्रॅम, म्हणजे २४ मिलीत कोटा संपला. आता लवणीत २० आणि सॅफेनसला १० असे ३० मिली ०.५ टक्क्याचे दिले तर १५० मिलीग्रॅम झाले, जास्त झाले. म्हणून मी ते ०.३७५ टक्के करून घेतो, १५ मिली औषधात ५ मिली सलाईन. ३० मिलीचे साधारण ११३ मिलीग्रॅम होतात, बसतं. ४५ किलोच्या आजीला तर कोटाच ९० मिलीग्रॅमचा, तिथं घोट्याचा ब्लॉकही मोजून द्यावा लागतो. रोपिवाकेन मिळत असेल तर हार्टच्या पेशंटला तेच घ्या, किलोला ३ मिलीग्रॅमपर्यंत. झायलोकेन (हे दुसरं लोकल) मिसळलं म्हणजे विष कमी होतं असा गैरसमज आहे, दोन्हींचे परिणाम बेरजेनं वाढतात, एकाचा अर्धा कोटा वापरला तर दुसऱ्याचाही अर्धाच. आणि अँप्युल स्वतः वाचा. स्पायनलचं हेवी आणि हे साधं, ट्रॉलीवर शेजारी-शेजारी पडलेले असतात.

सुई लावण्याआधी आयव्ही लाईन, मॉनिटर, ऑक्सिजन, आणि २० टक्के इंट्रालिपिड (लोकल रक्तात गेलं तर त्याचं विष उतरवायचं फॅटचं सलाईन) हॉस्पिटलात आहे का ते विचारून नाही, डोळ्यांनी बघून घ्या. दर ५ मिलीला ओढून बघा. पेशंट म्हणाला की कानात आवाज येतोय, जीभ जड झाली, तोंडात पत्र्यासारखी चव येतेय, तर तिथंच थांबा. फिट आली तर मिडाझोलाम आणि श्वास सांभाळा, इंट्रालिपिड किलोला १.५ मिली झपकन द्या आणि मग किलोला दर मिनिटाला ०.२५ मिली चालू ठेवा. हार्ट थांबलं तर छातीचा मसाज लगेच, आणि ॲड्रेनॅलिन नेहमीसारखं मिलीग्रॅममध्ये नको, किलोला एक मायक्रोग्रॅमच्या आतच. आणि कुठला पाय? सुई टेकवायच्या क्षणी सिस्टरला मोठ्यानं बाजू म्हणायला लावा आणि सर्जनची खूण बघा, पेशंट पालथा केला की डावं-उजवं फसतं.

ब्लॉक दिल्यावर थांबायचं. सर्जन हात धुवून आला, बाहेर दुसरी केस उभी आहे, सगळं खरं, पण बुपिवाकेनला लवणीत लागायला २०-३० मिनिटं लागतात, कधी जास्त. ब्लॉक फेल गेला म्हणतात त्यातले किती तरी नुसते घाईनं मारलेले असतात. मी म्हणून ब्लॉक बाहेरच्या खोलीत, मागची केस चालू असतानाच देतो. मग स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक जागा तपासा, अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मधली बेचकी, पावलाची वरची बाजू, तळवा, बाहेरची कड, आतला घोटा. गार लागतंय का विचारा. एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, "अरे बाळा, पाय हाय का काढला?" तेव्हा समजावं की झालं काम. एखादीच जागा जागी राहिली तर तेवढीच नर्व्ह खाली घोट्याशी परत द्या, पण कोट्यातलं शिल्लक किती ते बघूनच. आणि शुगरवाल्यांचा पाय आधीपासूनच कुठं बधिर आहे ते ब्लॉकच्या आधी तपासून केसपेपरवर लिहून ठेवा, नाहीतर नंतर ती बधिरता तुमच्या नावावर लागते.

मार लागलेल्या पायाला, पोटरी टणक झालेली असेल किंवा टाचेचं हाड फार चिरडलेलं असेल, तर सर्जनशी बोलल्याशिवाय ब्लॉक देऊ नका. कंपार्टमेंट सिंड्रोमची (स्नायूंत दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो त्याची) पहिली खूण म्हणजे दुखणं, ब्लॉकखाली ते उशिरा कळू शकतं.

नंतरचं नातेवाइकांना मराठीत, कागदावर, मोठ्या अक्षरात लिहून पलंगाला चिकटवा. पाय उशीवर ठेवायचा पण टाच मोकळी. धरल्याशिवाय उठू द्यायचं नाही, बाथरूमलाही नाही. पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, हे तर तीनदा सांगा, कारण मायेनं दिलेल्या शेकानं बधिर पाय भाजलेला मी बघितलाय आणि ती जखम मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस चालली. दुखण्याची गोळी दुखायला लागल्यावर नाही, बधिरपणा उतरायच्या आधीच सुरू करायची, पॅरासिटामॉल वजन आणि लिव्हर बघून वेळेवर, आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डायक्लोफिनॅक अजिबात नको. दुपारी दिलेला ब्लॉक पहाटे दोन-तीनला उतरतो, तेव्हा वॉर्डात एकच सिस्टर असते, म्हणून रात्री १० ची गोळी चुकवू नका असं तिला निघायच्या आधी स्वतः सांगून निघा. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाऊल उचलता आलं नाही तर मला फोन करा, असं खाली आपला नंबर घालून लिहा.